टवका उडालेलं चक्र

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला धडकी भरली असेल, की आईनं फोन सोडून कागद का हातात घेतला. घाबरू नकोस. माझा गुडघा कुरकुरतो, तुझे बाबा कुरकुरतात, बाकी दोघंही धडधाकट आहोत. कागदावर लिहितेय कारण आपल्या घरात फोन आता खासगी राहिलेला नाही. कमी ऐकू येतं म्हणून तुझे बाबा तो स्पीकरवर टाकतात, आणि मी तुझ्याशी बोलायला लागले की हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसतात. मला जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दल आहे. थोडं माझ्याबद्दलही आहे. खरं सांगू, नक्की कुणाबद्दल आहे तेच मला अजून उमगलेलं नाही, त्यामुळे पत्र जरा गुंत्याचं होणार. चहा करून घे आणि मग वाच.

तू मागच्या सुट्टीत आली होतीस तेव्हा ती दोन रिव्हॉल्व्हरं घरी आली, आठवतंय ना? (पिस्तूल लिहिणार होते. पण या घरात तो शब्द उच्चारला की पिस्तूल वेगळं आणि रिव्हॉल्व्हर वेगळं यावर व्याख्यान ऐकावं लागतं.) जुन्या सामानाच्या दुकानदारानं ती एकाच गोणपाटात गुंडाळून आणली होती. नळ्या बुजवलेल्या, कागदपत्रं रीतसर, त्यामुळे मला त्यांची भीती नव्हती. भीती होती ती माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथची. दोन्ही एकाच घडणीची, एकाच युद्धातली, आणि वंगण वाळून वाळून इतकी काळी पडलेली की भट्टीतून काढलेली वांगी बरी. फरक एवढाच, की एकाच्या मुठीखाली दोरी अडकवायची कडी शाबूत होती आणि दुसऱ्याची तुटलेली. तू कॅमेरा काढलास, खिडकीतल्या तिरक्या उजेडात पांढऱ्या चादरीवर ती मांडलीस, आणि बाबांना एक बोट लावू न देता सगळ्या बाजूंनी फोटो काढलेस. एरवी कारखान्यांसाठी बाटल्यांचे आणि बुटांचे फोटो काढणारी माझी लेक त्या दिवशी लोखंडाच्या दोन ठोकळ्यांपुढे गुडघे टेकून बसली होती, आणि तुझे बाबा मागे उभे राहून तुला अजून जवळून, अजून जवळून म्हणत होते. तुम्हा दोघांना इतकं खूश मी फार दिवसांनी पाहिलं होतं.

तू गेल्यावर काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं आहे. आता सलग सांगते. बाबांनी दोन्ही रिव्हॉल्व्हरं उघडली आणि गोळ्या भरायचं ते फिरतं चक्र प्रत्येकातून बाहेर काढून तेलात भिजत घातलं. ते त्याला सिलिंडर म्हणतात, पण मला त्या शब्दानं गॅसचाच आठवतो, म्हणून मी आपली चक्रच म्हणणार. त्यांची पद्धत तुला पाठ आहे: एका हत्याराचे सुटे भाग एका ताटात, दुसऱ्याचे दुसऱ्यात, आणि ताटाशेजारी ते ते हत्यार. कारण सैन्यात प्रत्येक रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर जो क्रमांक असतो तोच त्याच्या चक्रावरही ठोकलेला असतो, आणि दोन्ही जुळले तर ते हत्यार अस्सल राहिलं असं मानतात. घासूनपुसून चकचकीत करायचं नाही, वंगण हळूहळू मऊ पडू द्यायचं, काडीनं खरवडायचं आणि वाट बघायची. वाट बघण्यात तुझ्या बाबांचा हात कुणी धरणार नाही. तुझ्या आजोबांच्या कमरपट्ट्याचं पितळी बक्कल मी एकदा हौसेनं घासून लख्ख केलं, तेव्हा त्यांनी ते हातात घेतलं आणि इतकंच म्हणाले, की त्यावर होता नव्हता तेवढा सगळा काळ तू धुऊन काढलास. तेव्हापासून मी त्यांच्या टेबलाकडे फिरकतसुद्धा नाही. म्हणजे फिरकत नव्हते.

मग एका सकाळी ते अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या माझ्याकडे अर्धी दाढी करून धावत आले. चक्रांवरचे क्रमांक उघडे पडले होते आणि ते उलटेपालटे होते. कडीवाल्याचं चक्र बिनकडीच्याला, बिनकडीच्याचं कडीवाल्याला. मी म्हटलं, अरेरे, म्हणजे दोन्ही बाद? त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी कपड्यांचा चिमटा तोंडात तसाच धरून उभी राहिले. अगं बाद कसली, म्हणाले, असं कधी सापडत नाही. एखादं चुकीचं चक्र बसलेलं शेकड्यानं मिळतं. युद्ध संपल्यावर गोदामात सगळे भाग पिंपात टाकायचे आणि हाताला येईल ते जोडायचे. पण बरोबर याचं त्याला आणि त्याचं याला? हे पिंपातून होत नाही. हे दोन माणसं शेजारी शेजारी बसली तरच होतं.

त्यानंतर त्यांनी माग काढायचा सपाटा लावला. मुठींवरच्या शिक्क्यांवरून तुकडी सापडली, सैन्याच्या दप्तरखान्याला पत्रं गेली, आणि बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. कडीवालं होतं बिनतारी संदेश पाठवणाऱ्या एका शिपायाचं. आम्ही त्याला घरात तारवाला म्हणायला लागलो. दुसरं होतं मोटारसायकलवरून निरोप पोचवणाऱ्याचं, तो निरोप्या. दोघं एकाच छावणीत. तारवाला तिथेच वारला, निरोप्या परत आला, त्याचं पुढे काय झालं ते कळत नाही. एवढ्या धाग्यावर तुझ्या बाबांनी, ज्यांनी जन्मात कधी थाप मारली नाही त्या माणसानं, एक आख्खं दृश्य उभं केलं. एका घोंगडीवर दोघं बसलेत. नियम असा की ज्यानं त्यानं आपापल्या जागी हत्यार साफ करायचं, पण यांनी एकाच घोंगडीवर दोन्ही उघडलीत, कारण गप्पा रंगल्यात. तेवढ्यात इशारा होतो. घाईत एकाचं चक्र दुसऱ्याकडे जातं. आणि मग कुणाच्याच लक्षात येत नाही, किंवा लक्षात येऊनही ते तसंच राहू देतात. जेवताना मला ते हे सांगत होते आणि त्यांचं जेवण पानात थंड होत होतं. मी ऐकत बसले. निवृत्त झाल्यापासून आमच्यात बोलणं म्हणजे औषध घेतलंस का आणि दार लावलंस का, एवढंच उरलं होतं. आता सकाळी उठल्या उठल्या तारवाल्याचं काय झालं असेल यावर आम्ही दोघं वाद घालतो.

हे किती नवलाचं आहे ते तुझ्याशिवाय कुणाला समजणार? वजनमापांचा निरीक्षक म्हणून उभा जन्म त्यांनी दुकानांतले तराजू तपासले. लोखंडावर ठोकलंय तेवढंच खरं, बाकी सगळ्या बाता, हे वाक्य तू पाळण्यात ऐकलं आहेस. बेकरीवाल्याचं आठवतं ना? त्याच्या आजोबांच्या शौर्याचं रिव्हॉल्व्हर बघायला त्यानं बाबांच्या त्या जुन्या हत्यारांच्या संग्राहक मंडळातल्या सगळ्यांना घरी बोलावलं, केक कापला, आणि तुझ्या बाबांनी भिंग लावून पाहिलं आणि भर पंक्तीत सांगितलं, की हे तुमचे आजोबा वारल्यानंतर कित्येक वर्षांनी तयार झालंय. बेकरीवाला त्यानंतर आपल्या घरी आला नाही. मी म्हटलं, कशाला बोललात, त्याचं मन मोडलं. तर म्हणाले, काटा हलका दाखवायचा नाही. आणि तोच माणूस आता घोंगडीच्या आणि गप्पांच्या गोष्टी सांगतोय! मंडळातले चष्मेवाले आले तेव्हा त्यांनी शंका काढली, की याला पुरावा काय, तर बाबा त्यांच्याशी तासभर तावातावानं भांडले.

मग शिवणबाई आल्या. तारवाल्याची मुलगी. दप्तरखान्यातून गावाचा ठावठिकाणा मिळाला, बाबांनी पत्र टाकलं, आणि एके दिवशी दारात एक कमरेत वाकलेली, नीटनेटकी म्हातारी उभी. आयुष्यभर शिवणकाम शिकवलेलं, त्यामुळे बसायच्या आधी माझ्या पडद्यांची शिवण तपासून झाली. वडील युद्धावर गेले तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. घरात वडिलांबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची, की माणूस घुमा होता, कुणाशी दोन शब्द बोलायचा नाही, आणि गेला तेव्हा त्याच्याबरोबरचं कुणी घरी भेटायलासुद्धा आलं नाही. या बाई लहानपणापासून हेच धरून बसलेल्या, की आपला बाप तिथे एकटाच मेला आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बाबांनी कडीवाल्यातलं, निरोप्याच्या क्रमांकाचं चक्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्याच्या काठाला नखाएवढा एक टवका उडालेला आहे, ते तेव्हा मीही पहिल्यांदाच नीट पाहिलं. बाबांनी त्यांना घोंगडीचं सांगितलं. शिवणबाईंनी चक्र बोटांनी हळूहळू फिरवलं आणि म्हणाल्या, म्हणजे माझ्या वडिलांना तिथे कुणीतरी होतं म्हणायचं. पुन्हा म्हणाल्या, होतं कुणीतरी. मग त्या रडल्या, मीही रडले, आणि तुझे बाबा उगाचच दुसरं भिंग शोधायला आत गेले.

आता नळाचं सांगते. तू म्हणशील नळ कुठून आला मध्येच? तोच तर सगळा घोळ आहे. मोरीशेजारचं ते अरुंद टेबल तुला माहीत आहे, तिथेच ती दोन ताटं तेलात ठेवलेली होती. तू गेल्यानंतर थोड्याच दिवसांत तिथला नळ फुटला, ते तुला फोनवर सांगितलं होतं. प्लंबर कसा डोक्यापासून पायापर्यंत भिजला आणि वर मलाच कसा ओरडला ते सांगून आपण खूप हसलो होतो. पण प्लंबर यायच्या आधीचं मी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही. बाबा वाचनालयात गेलेले. पाण्याचा फवारा थेट टेबलावर. मी आधी दोन्ही रिव्हॉल्व्हरं पालथ्या परातीखाली ढकलली आणि मग दोन्ही ताटं दोन हातांत उचलली. तेलकट ताटं, ओली फरशी, आणि माझा हा गुडघा. ताटं कलली. दोन्ही चक्रं खाली पडली, घरंगळली, एक कपाटाखाली गेलं. मी ती उचलली आणि एक या ताटात, एक त्या ताटात ठेवलं. दोन्ही काळीठिक्कर. टवका दिसत नव्हता, क्रमांक दिसत नव्हता, काहीच दिसत नव्हतं. मग प्लंबर आला, मग तो ओरडला, मग मी फरशी पुसली आणि ते सगळं विसरून गेले.

अर्धी दाढी केलेले बाबा अंगणात आले त्या दिवशीही मला आठवलं नाही, तुझी शपथ. आठवलं ते शिवणबाई गेल्यावर, चहाचे कप विसळताना, नळ बंद करता करता. हातातला कप तसाच राहिला.

तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा झाला आहे. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं तारा जोडल्या, एकाचा फोन दुसऱ्याला कधी लागू दिला नाही, आणि घरच्या मोरीत असं व्हावं? बाबा बाहेर गेले की मी दोन ताटं आणि दोन कांदे घेऊन ते सगळं पुन्हा करून बघते. कपाटाखालचं कुठल्या हातानं काढलं? डाव्या, असं वाटतं. मग उजव्या, असंही वाटतं. शेजारीण एकदा अचानक आली आणि मी फरशीवर बसून कांद्यांकडे टक लावून बघतेय हे पाहून तिनं मला गोडीगुलाबीनं डॉक्टरांचं नाव सुचवलं. आणि गंमत बघ, माझ्याच हातून घोळ झाला असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. चक्रं युद्धापासूनच उलटी असतील आणि मी ती नेमकी आपापल्या ताटात ठेवली असतील, तर घोंगडी खरी. सुरुवातीला सरळ असतील आणि मी उलटी ठेवली असतील, तर घोंगडी कुठली नि काय कुठलं, नुसती माझी ओली फरशी. कधी वाटतं, उठावं आणि सांगून टाकावं. मग शिवणबाईंचा हात आठवतो. कधी वाटतं, गप्प बसावं. मग बेकरीवाल्याचा केक आठवतो, आणि ज्या माणसानं असा काटा सांभाळला त्याच्या पारड्यात आपण बोट घालतोय असं वाटून कसंतरी होतं.

पुढच्या महिन्यात मंडळाचं वार्षिक संमेलन आहे. बाबा तिथे या दोन रिव्हॉल्व्हरांवर बोलणार आहेत. शिवणबाई पहिल्या रांगेत, त्यांच्याशेजारी मी. भाषणाची तयारी चालू झाली तेव्हा मला पहिला धसका बसला तो तुझ्या फोटोंचा. कारण तू ते काढलेस तेव्हा कुणी काहीच उघडलं नव्हतं. आज टवक्याचं चक्र कडीवाल्यात बसलंय. तुझ्या फोटोत तो टवका कडीवाल्यावरच दिसला तर सगळं खरं. बिनकडीच्यावर दिसला तर सगळं माझं. बाबांच्या डोळ्यांना तेव्हा वंगणाखाली तो दिसला नाही, पण तुझ्या कॅमेऱ्याला दिसला असणार. आणि तुझे बाबा पडद्यावर फोटो दाखवल्याशिवाय कधी तोंड उघडत नाहीत. म्हणून मी बसल्या जागी हे पत्र लिहायला घेतलं, की बाबा फोटो मागतील, त्याआधी तू बघ आणि मला सांग. किंवा सांगू नकोस. किंवा सगळे पुसून टाक. खरंच सांगते, त्या दिवशी हे तिन्ही मी लिहिलं होतं आणि तिन्ही खोडलं होतं. तो कागद फाडला. हा दुसरा.

कारण मध्यंतरी असं काही झालं, की मी आणखीच चक्रावले. एका सकाळी बघते तर दोन्ही ताटांच्या काठाला माझ्या नेलपॉलिशचे ठिपके, एकाला लाल आणि एकाला गुलाबी. तसेच ठिपके त्यांनी नुकत्याच साफ करायला आणलेल्या दोन नव्या रिव्हॉल्व्हरांना बांधलेल्या चिठ्ठ्यांवर. इतक्या वर्षांत ताटांना कधी खूण लागली नव्हती. मी विचारलं, हे काय? म्हणाले, असंच. मग ते टेबलच त्यांनी मोरीजवळून उचलून आपल्या खोलीत नेलं. त्याच आठवड्यात चष्मेवाले आले आणि पुन्हा पुराव्याचं काढलं. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी, आता तासभर भांडण. तर बाबा इतकंच म्हणाले, की जाऊ दे रे, काही गोष्टी मानायच्या असतात. माझ्या हातातून झारा पडला. आणि काल जेवताना मी मुद्दामच विषय काढला, की ठकूकडून फोटो मागवायला हवेत ना पडद्यासाठी? त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, फोटो नकोत या वेळी, नुसतं तोंडी सांगतो. मग म्हणाले, तुझा गुडघा कसा आहे, त्या फरशीवर जपून चालत जा.

ठकू, कुठल्या फरशीवर? ओल्या फरशीवर ताटं कलल्याचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

म्हणून तुला एकच विचारते, आणि यासाठीच हे एवढं लांबण. टवका कुठे आहे ते मला लिहू नकोस. ते कळून मी काय करणार तेच मला ठाऊक नाही. फक्त हे सांग: बाबांनी तुझ्याकडून ते फोटो आधीच मागवून घेतले होते का? शिवणबाई येऊन गेल्यानंतर, मला न सांगता? फोनवर नुसतं हो किंवा नाही एवढंच म्हण, स्पीकरवर ऐकू गेलं तरी कुणाला काही कळणार नाही. संमेलनाच्या दिवशी बाबा घोंगडीची गोष्ट सांगायला लागले, की शिवणबाई माझा हात घट्ट धरणार, हे मला आत्ताच दिसतंय. तो हात मी धरू देईन, ते माझं ठरलं आहे. फक्त तेव्हा मान वर करून तुझ्या बाबांकडे बघायचं की खाली बघत बसायचं, ते मला कळत नाहीये. हे ओझं मी एकटी उचलत असेन तर माझ्यानं वर बघवणार नाही. आणि दोघं मिळून उचलत असू, तर मी त्यांच्यावरची नजर एक क्षणभरही हलवणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी, गोंधळलेली,
तुझीच आई